फाट्यावरचं बाकडं कोणाच्या मापाचं?

चिमूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावचा फाटा आहे. तिथे पत्र्याचं छत आणि स्टीलचं बाकडं बसवलेलं आहे. मे महिन्यात दुपारी चारच्या एस.टी.साठी पोचलो तेव्हा बाकडं रिकामं होतं. माणसं रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली होती. कोणी मुळीवर, कोणी दगडावर, कोणी पिशवीच बुडाखाली घेऊन. भाजी विकून परतणाऱ्या एका आजीला म्हटलं, "आजी, बाकड्यावर बसा नं." ती म्हणाली, "बापा, तवा हाये तो. भाकर टाक, शेकून निघते."

आजीच्या बोलण्यात पदार्थविज्ञान आहे. स्टीलचं बाकडं आणि सागाची फळी एकाच उन्हात ठेवून दोन्ही ६० अंशांवर गेली असं धरा. आपल्या कातडीचं तापमान ३४ अंशांच्या आसपास असतं. कातडी टेकताक्षणी दोघांच्या मधलं एक तापमान ठरतं, आणि जो पदार्थ आतली उष्णता झपाट्याने पुढे सरकवतो त्याच्याकडे ते झुकतं. स्टीलची उष्णतावाहकता लाकडाच्या जवळपास शंभरपट. गणित मांडलं तर स्टीलवर हात टेकताच कातडीला सुमारे ५६ अंश लागतात, ग्रॅनाइटवर ५१, आणि सागावर जेमतेम ४०. साधारण ४३-४४ अंशांपुढे चटका दुखायला लागतो. म्हणजे ऊन तेच आणि तापमानही तेच, पण एकावर बसता येतं आणि दुसऱ्यावर नाही. बाकड्याचा पातळ पत्रा नंतर लवकर निवतो हे खरं; पण पहिल्याच चटक्याला माणूस उठतो, निवण्याची वाट कोण पाहतो?

चटका लागला की आपण हात मागे घेतो. ज्याला चटका कळतच नाही त्याचं काय? वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे, त्यामुळे आमच्या भागात हा प्रश्न नवा नाही. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, पण आधीच मेलेल्या नसा बहुधा परत जिवंत होत नाहीत. तळहाताला आणि तळपायाला कायमची बधिरता राहते. जुन्या मधुमेहातही पाय असेच बधिर होतात. उघड्या धातूवर मिनिटभर हात राहिला तर ५१ अंशांनाही कातडी भाजू शकते. बसताना मधे धोतर किंवा लुगडं तरी असतं. उठताना मात्र म्हातारं माणूस उघडा तळवा बाकड्यावर दाबतं, आणि घरी गेल्यावर फोड दिसतो. म्हणून बाकड्याला हात असावेत आणि ते लाकडाचे असावेत, असं माझं ठाम मत आहे.

छत असूनही बाकडं तापतं कसं? आमचा भाग साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात इथे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा छताची सावली नेमकी बाकड्यावर पडते. पण बाजार आटोपून, दवाखाना आटोपून लोक परततात चारच्या सुमारास. तोवर सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून सुमारे ३६ अंशांवर उतरलेला असतो. अडीच मीटर उंच छताची सावली तेव्हा जवळपास साडेतीन मीटर पूर्वेला सरकते. बाकडं उन्हात आणि सावली शेजारच्या रिकाम्या जागेवर! त्यात तापलेला पत्रा स्वतःच खाली उष्णता फेकत राहतो. कडुनिंबाचं पान मुळांनी ओढलेलं पाणी वाफेवाटे सोडतं, त्यामुळे हवेपेक्षा फार तापत नाही. झाडाखालची सावली गार लागते ती यामुळे. थांब्याच्या पश्चिमेला झाड असावं, आणि ते मोठं होईपर्यंत निदान कुडाची आडभिंत तरी असावी.

आता उंची. गुडघ्यामागच्या खळगीपासून तळपायापर्यंतचं माप माणसाच्या उंचीच्या साधारण पाव असतं. पाच फूट सात इंचांच्या गड्याला ४२-४३ सेंमी, आणि दीडशे सेंमीच्या बाईला ३७-३८. भारतातल्या प्रौढ बायकांची सरासरी उंची १५२ सेंमीच्या आसपास आहे. पंचेचाळीस सेंमी उंच बाकड्यावर अशा बाईचे पाय लोंबकळतात, बाकड्याची कड मांडीखाली रुतते आणि पायाला मुंग्या येतात. म्हणून बाकडं सरसकट बुटकं करावं म्हटलं, तर गुडघे दुखणाऱ्या आजोबांना उठवत नाही. बैठक जितकी खाली, तितका उठताना गुडघ्यांवर भार जास्त. दोघांना पुरेल असं एकच माप निघत नाही. गावच्या पाराला पायरी असते, कोणी पायरीवर टेकतं, कोणी वर. बाकडंही दोन उंचींचं करता येतं. शेजारी ९० बाय १२० सेंमी सपाट जागा मोकळी सोडली की चाकाची खुर्चीही चारचौघांत उभी राहते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या २ कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी १ कोटी ८६ लाख खेड्यांत होते. त्यांनाही हीच एस.टी. पकडायची असते.

पण ज्याचा विचार कोणत्याच थांब्यावर केलेला मला दिसत नाही, ते म्हणजे डोक्यावरचं ओझं. मोहफुलं, सरपण, तेंदूपत्ता, भाजीचं टोपलं: बायका चुंबळीवर ठेवून कोसभर चालतात आणि चालताना त्यांची पाठ सरळ असते. अडचण येते उतरवताना आणि पुन्हा चढवताना. ओझं कमरेच्या मणक्यापासून अर्धा मीटर पुढे गेलं, तर ते पेलणाऱ्या पाठीच्या स्नायूंना जेमतेम पाच सेंमीची तरफ मिळते. पंधरा किलोच्या टोपल्यासाठी स्नायूंना दीडशे किलोइतकं ओढावं लागतं, आणि त्यात वाकलेल्या धडाचं वजन वेगळं. म्हणूनच "माय, जरा हात लाव नं" ही हाक रस्त्यावर ऐकू येते. हात लावणारं कोणी नसलं, तर ती टोपलं उतरवतच नाही. तशीच उभी राहते.

यावर उपाय जुना आहे. तमिळनाडूत रस्त्याकडेला दोन उभ्या दगडांवर एक आडवा दगड टाकत, त्याला सुमैतांगी म्हणतात. केरळात तेच अत्ताणी. डोक्यावरचं ओझं त्यावर नुसतं सरकवायचं. फ्रान्सच्या ईशान्येला आल्सास प्रांतात १८११ मध्ये, नेपोलियनला मुलगा झाला त्या निमित्ताने, बाजाराच्या रस्त्यांवर दगडी बाकं बसवली, आणि १८५४ मध्ये आणखी. बसायला खाली बैठक, ओझ्यासाठी वर आडवा दगड आणि सावलीला झाडं. ते ज्याला सुचलं त्याने बाजाराला निघालेल्या बायकांकडे नीट पाहिलं असणार.

आपल्याकडे ओझं टेकवायची अशी फळी करायची तर पाया जपावा लागेल. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण पावसात पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. हात जाईल एवढ्या भेगा आपण शेतात पाहतोच. उथळ पायावरची बाकडी दोन पावसाळ्यांत कलतात ती त्यामुळे. खांबाखालची काळी माती काढून मुरूम भरून ठोकला, तर कलणं बरंच आवरतं.

माझ्या हिशोबाने फळीची उंची १३५ ते १४० सेंमी हवी. मागच्या आठवड्यात ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन फाट्यावर गेलो. चारच्या गाडीला आजी आलीच, डोक्यावर टोपलं. मिस्त्रीने तिला छताच्या खांबाशी उभं केलं आणि तिच्या खांद्याच्या उंचीवर खडूने रेघ मारली. आजीने मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून ती पाहिली.

"अजून चार बोटं वर घे, बाबू. एवढ्यावर मले वाकावं लागते."

त्याने रेघ पुसली आणि वर घेतली.