वारले, मयत, एक्स्पायर्ड: कोकणातल्या घरांत आलेले मरणाचे इंग्रजी शब्द

आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत जमिनीचे जुने कागद आहेत, गिरणीचा एक पास आहे आणि घडीवर फाटत आलेली एक तार आहे. तारेवरचा मजकूर इंग्रजीत, चार शब्दांचा: ‘ब्रदर एक्स्पायर्ड स्टार्ट इमिजिएटली’. आजोबांचे थोरले भाऊ मुंबईत गिरणीत होते. तार गावात आली तेव्हा वाडीत इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, म्हणून ती शाळेत गुरुजींकडे नेली. आजी सांगायची, ‘गुरुजींनी वाचून झाल्यावर चष्मा काढला, तेव्हाच समजलं. तो शब्द काय होता ते मागाहून कळलं.’

‘एक्स्पायर’ हा शब्द कोकणातल्या शेकडो घरांत असाच तारेतून आला. घर गावात आणि कमावता माणूस लालबाग-परळला, ही रत्नागिरी जिल्ह्याची कितीएक वर्षांची रीत. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे आणि बहुतेक तारा इंग्रजीत जायच्या, म्हणून जे सांगायचं ते एका शब्दात बसवावं लागे. गावाकडून मुंबईला जाणाऱ्या तारेत ‘मदर सीरियस’ असायचं. आई आधीच गेलेली असली तरी तसंच लिहीत, मुलाने रात्रभराचा प्रवास धीराने करावा म्हणून. त्यामुळे ‘सीरियस’ला आपल्याकडे एक वेगळंच वजन आलं. ‘सीरियस आहे’ म्हटलं की लोक निघण्याच्या तयारीला लागतात. इंग्रजीत नुसतं ‘सीरियस’ म्हणजे गंभीर स्वभावाचा माणूसही होऊ शकतो. आजाराबद्दल सांगायचं तर ‘सीरियसली इल’ असं पूर्ण म्हणावं लागतं. भारतातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. शब्द मात्र राहिले.

‘एक्स्पायर’चं मूळ लॅटिन. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणं, म्हणजे श्वास बाहेर टाकून संपणं. आपण ‘प्राण सोडला’ म्हणतो तेच, कारण प्राण या शब्दातही श्वासाचाच धातू आहे. आजच्या इंग्रजीत मात्र हा शब्द औषधांना, परवान्यांना, विम्याला लागतो. माणसाला लावला तर तो जुना किंवा फार औपचारिक वाटतो. परदेशातल्या कुणाला कळवायचं असेल तर साधं ‘डाइड’ लिहावं, मऊ हवं असेल तर ‘पास्ड अवे’. ‘ऑफ झाले’ हे तर पूर्ण आपलंच. इंग्लंडमध्ये ‘ऑफ’ नासलेल्या दुधाला आणि मासळीला म्हणतात. मला तो शब्द माणसाबद्दल ऐकवत नाही, कितीही रुळला असला तरी.

सरळ मरणाचा इंग्रजी शब्द ‘डाय’. अभ्यासक तो बहुधा उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘डेया’वरून आला असं मानतात. त्याआधी जुन्या इंग्रजीत मरण्याला ‘स्टेओर्फान’ होतं. जर्मनमध्ये ‘श्टेर्बेन’चा अर्थ अजून मरणे असाच आहे. इंग्रजीत मात्र तो शब्द आक्रसत ‘स्टार्व्ह’ झाला, म्हणजे उपासमार होणं. आणि ‘मर्डर’, ‘मॉर्टल’, ‘पोस्टमॉर्टेम’मधला ‘मॉर्ट’ हे आपल्या ‘मृत्यू’चे सख्खे नातेवाईक, सगळ्यांचं मूळ एकच प्राचीन धातू. गहाणखताला इंग्रजीत ‘मॉर्टगेज’ म्हणतात, त्यातही हेच मरण आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘मेलेलं तारण’.

कचेरीची भाषा निराळी. तिथे इंग्रजांच्या आधीपासून एक अरबी शब्द बसलेला आहे, ‘मयत’. फारसी कारभारातून तो आला आणि सातबाऱ्यावर, फेरफारात ‘मयत खातेदार’ म्हणून अजून आहे. शेजारचा ‘वारस’ही अरबीच. मालवणीत तर ‘मयत’ अगदी घरचा झाला: ‘मयताक जावचा आसा.’ इंग्रजांनी त्याच्या जागी ‘डिसीज्ड’ आणला. त्याचं लॅटिन मूळ ‘निघून जाणं’ असं आहे, म्हणजे रोमन लोकही ‘गेले’च म्हणत होते. हा शब्द अर्जात फार जपून लिहावा. रोगाचा ‘डिझीज’ आणि मयताचा ‘डिसीज्ड’ यांची स्पेलिंगं जवळची; एक-दोन अक्षरं इकडची तिकडे झाली की ‘मयत वडील’ ‘रोगी वडील’ होतात आणि अर्ज परत येतो. आमचाही आला होता. ‘डिमाइज’ हा आणखी एक भारदस्त शब्द मुळात मिळकत दुसऱ्याकडे सोपवण्याचा. राजा गेला की राज्य पुढच्याकडे जातं, त्यावरून तो मरणाला लागू झाला.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आहे आणि मृत्यू 21 दिवसांत कळवायचा असतो. गावात हे ग्रामपंचायतीत होतं. मृत्यूचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित करायच्या छापील नमुन्यातच सूचना आहे की मरण्याची रीत लिहू नये, उदाहरणार्थ ‘हार्ट फेल्युअर’. ज्या आजाराने वा दुखापतीने मरण आलं ते लिहावं. आपल्याकडे मात्र ‘हार्ट फेल’ हेच सर्वांत रुळलेलं कारण. हृदय शेवटी प्रत्येकाचंच थांबतं, त्यातून काहीच कळत नाही. लेप्टोने, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाने, गेलेल्या शेतकऱ्यापुढे ‘हार्ट फेल’ लिहिलं तर त्या भातखाचरातला धोका कुणाच्या हिशेबातच येत नाही.

‘लेट’बद्दल थोडक्यात. इंग्रजीत तो अलीकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या पूर्वजाला लावत नाहीत. आपल्या ‘कैलासवासी’ला, ख्रिस्ती घरातल्या ‘ख्रिस्तवासी’ला, कोकणी मुसलमानांच्या ‘मरहूम’ला अशी मुदत नाही. लग्नपत्रिकेत पणजोबांच्या नावाआधी ‘लेट’ छापण्यापेक्षा ‘कै.’ किती चांगलं दिसतं.

किनाऱ्यावर मात्र एका इंग्रजी शब्दाने सगळ्यात जास्त छळलं आहे, ‘मिसिंग’. 17 जुलै 1947 ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ज्यांचा देह किनाऱ्याला लागला नाही त्यांचं काय म्हणायचं? होडी परत आली नाही तर आजही प्रश्न तोच असतो. पोलिसांच्या कागदावर ‘बेपत्ता’ लिहिलेलं असतं आणि वाट बघायची असते. कायदा सात वर्षांनी ‘प्रिझ्यूम्ड डेड’ म्हणू देतो: ज्याची खबर एरवी ज्यांना लागली असती त्यांना सात वर्षं लागली नाही, त्याला मृत धरता येतं. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 108 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात 111 आहे. या कलमाने माणूस गेला एवढंच धरता येतं. कधी गेला ते धरता येत नाही. ती तारीख लागत असेल तर वेगळी सिद्ध करावी लागते.

तारीख नाही म्हणजे तिथीही नाही. अशा घरांत पान वाढतात ते सर्वपित्री अमावास्येला.