शिंगराभोवतीच्या दोन पाणमोटी

घोडी व्यायली की तिची वार लगेच खड्ड्यात टाकायची नाही. पेंढ्यावर पसरून ती पुरती पडली आहे ना ते बघायचं, कारण लहानसा तुकडा आत राहिला तरी घोडीच्या जिवावर बेततं. पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर जानेवारीतल्या थंड पहाटे मी अशीच वार पसरत होतो. नवीन मोतद्दाराने तिच्यातून एक चपटी, तपकिरी वस्तू उचलली आणि घाबरून विचारलं, "डॉक्टरसाहेब, शिंगराचं काही तुटून आलं का हे?"

वस्तू तळहाताएवढी, रबरासारखी लवचीक. मी ती मधोमध कापून दाखवली. आत कांद्यासारखे पापुद्रे होते. हिला हिप्पोमेन म्हणतात. शिंगरू ही कपाळावर घेऊन जन्मतं अशी प्राचीन ग्रीकांची समजूत होती, आणि वशीकरणाच्या औषधात ती घालत असत. खरं तर हा पाण्यातला साका आहे. गर्भ साधारण तीन महिन्यांचा होत आला की पाण्यात सुट्या झालेल्या पेशींच्या कणाभोवती क्षार आणि प्रथिनं थरावर थर बसू लागतात.

हे पाणी कुठलं, ते समजून घेण्यासारखं आहे. घोडीच्या पोटात शिंगराभोवती एकात एक अशा दोन पिशव्या असतात. आतली शिंगराला लपेटून असते. बाहेरची तिला सगळीकडून वेढते आणि वारेला आतून चिकटलेली असते. दिवस भरत येतात तेव्हा आतल्या पिशवीत साधारण 3 ते 5 लिटर पाणी असतं, बाहेरच्या पिशवीत 8 ते 15 लिटर.

बाहेरचं पाणी मुख्यतः शिंगराची लघवी. बेंबीतून जाणाऱ्या युरॅकस नावाच्या नळीवाटे ती मूत्राशयातून थेट या पिशवीत उतरते. त्यामुळे हे पाणी पिवळसर-तपकिरी असतं आणि त्यात युरिया, क्रिएटिनिन असे शरीरातले टाकाऊ पदार्थ साठत जातात. युरिया वार ओलांडून आईच्या रक्तात सहज जातो. क्रिएटिनिनला ते तितकं जमत नाही, म्हणून त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा कितीतरी वाढतं.

हे मालकांना मी आवर्जून सांगतो. पहिल्या दिवशी शिंगराच्या रक्तात क्रिएटिनिन चढलेलं दिसलं की किडनी गेली म्हणून धाबं दणाणतं. पुष्कळदा किडनी ठणठणीत असते, शेवटच्या दिवसांत वारेचं काम तेवढं कमी पडलेलं असतं. शिंगरू चीक पिऊन नीट लघवी करू लागलं की दोन-तीन दिवसांत आकडा उतरतो. तो उतरला नाही, तर मात्र किडनीकडे बघायलाच हवं.

आतलं पाणी निराळं. त्यात लघवीचा वाटा असतोच, पण फुप्फुसांतून, नाकातोंडातून येणारे स्रावही मिसळतात, म्हणून ते बुळबुळीत लागतं. शिंगरू ते गिळतही असतं. निरोगी शिंगराभोवती ते स्वच्छ, किंचित दुधाळ असतं. ते पिवळं-तपकिरी आलं तर शिंगराने पोटातच शी केली, म्हणजे त्याला आत त्रास झाला, असं समजून त्याच्या श्वासावर लक्ष ठेवायचं.

भारतात शर्यतीच्या घोड्यांचं वय 1 जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे पुण्याच्या आसपास वर्षाच्या सुरुवातीलाच रात्रीची जागरणं सुरू होतात. घोड्या बहुतेक रात्रीच वितात. 'पाणी फुटलं' अशी हाक येते तेव्हा फुटलेली असते ती बाहेरची पिशवी. मग पाचेक मिनिटांत आतली निळसर-पांढरी पिशवी दिसायला हवी, आणि अर्ध्या तासात शिंगरू बाहेर. पांढरीच्या जागी लाल, मखमली पिशवी दिसली तर वार वेळेआधी सुटलेली असते आणि शिंगराचा प्राणवायू तुटत चाललेला असतो. तिथे डॉक्टरची वाट बघत बसायचं नाही. पिशवी तिथल्या तिथे फाडायची आणि शिंगरू ओढून काढायचं.

त्या पहाटेचं शिंगरू तासाभरात उभं राहिलं. मोतद्दाराला मी एकच काम नेमून दिलं: आठवडाभर रोज बेंबीला हात लावून बघ. नाळ तुटली की युरॅकस मिटायला हवी. बेंबी ओली लागली, लघवीचा वास आला, तर ती वाट अजून उघडी आहे.