भोक पाडलं की मध्य ठरला

मामेबहीण अमेरिकेतल्या सांता फेहून शिंपल्याच्या मण्यांची माळ घेऊन आली. मणी जेमतेम दोन मिलिमीटरचे, पण इतके सारखे की माळ बोटांतून सरकवताना कुठे अडतच नाही. घरात एकमताने निकाल लागला, "मशीनची असणार. हाताने इतकं सारखं होतं का कुठे!"

होतं. आजचे कारागीर विजेवरची यंत्रं वापरतातही, पण हा सारखेपणा यंत्रांच्या कितीतरी आधीचा आहे.

न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो या मूळ रहिवाशांचं केवा, म्हणजेच सांतो दोमिंगो, हे गाव या मण्यांसाठी नावाजलेलं. मण्यांना म्हणतात हिशी. तिथल्या केरेस भाषेत त्याचा अर्थच शिंपला. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे शिंपले पूर्वापार कॅलिफोर्नियाच्या आखातातून व्यापाराने यायचे. मणी पिरोजा या निळ्या खड्याचेही होतात, तो मात्र जवळच्या सेरियोसच्या टेकड्यांतला.

शिंपल्याचे ओबडधोबड चौकोनी तुकडे करून प्रत्येकाला भोक पाडायचं. बटणात दोरा ओवून गरगर फिरवायचा खेळ आठवतो? पीळ सुटताना बटण फिरतं आणि वेगाच्या भरात उलटा पीळ घालतं. भोक पाडायचं जुनं हत्यार, हातसामता, याच तत्त्वावर चालतं.

खरी गंमत पुढे आहे. तुकडे दोरीत घट्ट ओवायचे, दोरी ताणून धरायची आणि पाणी घालत वालुकाश्मावर लाटायची. जो कोपरा दोरीपासून सर्वांत लांब, तो दगडाला आधी टेकतो. हाताचा सगळा दाब त्या टिचभर जागेवर येतो, म्हणून तोच भराभर झिजतो. तो शेजाऱ्यांच्या पातळीला आला की दाब वाटला जातो आणि त्याची झीज मंदावते. मोजमाप कोणीच करत नाही, तरी दोरीपासूनचं अंतर सगळीकडे सारखं होत जातं. दोरीपासून सगळीकडे सारखं अंतर म्हणजेच वर्तुळ! भोक तुकड्याच्या मध्यावर नसलं तरी चालतं, कारण लांबची बाजू झिजून शेवटी भोकच मध्य होतं. फक्त एखादं भोक अगदी कडेला गेलं, तर त्या एका तुकड्यापायी अख्खी माळ बारीक करावी लागते. त्यापेक्षा तो काढून टाकलेला बरा.

हे जमतं ते कठीणपणातल्या फरकामुळे. मोह्‌स मापावर शिंपला साधारण 3.5 ते 4, पिरोजा 5 ते 6, आणि वालुकाश्मातलं क्वार्ट्‌झ 7. शिंपला आणि पिरोजा एकाच दोरीत लाटले तर शिंपला आधी झिजणार, म्हणून ते वेगवेगळे लाटलेले बरे.

जाता जाता पिरोजाबद्दल. आपल्याकडे अंगठीतला हा खडा हिरवट झाला की "संकट खड्यानं स्वतःवर घेतलं" म्हणतात. पिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियमचं, रचनेत पाणी असलेलं फॉस्फेट. निळाई तांब्याची, आणि ॲल्युमिनियमच्या जागी लोह असेल तर खाणीतूनच तो हिरवट निघतो. शिवाय तो सच्छिद्र असतो. घाम, तेल, साबण शोषून रंग बदलतो. खड्याने घेतलं ते बहुधा डोक्याचं तेल.