एमव्हीसी: मॉडेल बदललं हे व्ह्यूला सांगणार कोण

हिंजवडी घ्या नाहीतर खराडी, आयटीच्या इंटरव्ह्यूत 'एमव्हीसी सांगा' येतंच (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड तीन भागांत वाटायची पद्धत), आणि पोरं तीन चौकोन काढून बाणबिण मारून मोकळी होतात. पण बाण कुठून कुठे, ते काळानुसार बदलत गेलंय.

सुरुवात 1979 ची. त्रिग्वे रीन्सकाग नावाचे नॉर्वेजियन गृहस्थ, आधी जहाजबांधणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मुरलेले, तेव्हा कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून होते. डेटा अवाढव्य, आणि प्रत्येकाला तो आपापल्या पद्धतीने बघायचा असतो, ही त्यांची अडचण. मग माहिती मॉडेलमध्ये, दाखवणं व्ह्यूकडे, आणि पार्कचीच स्मॉलटॉक-80 ही प्रोग्रामिंग भाषा आली तोवर माऊस-कीबोर्ड सांभाळणं कंट्रोलरकडे अशी वाटणी ठरली. त्यातली खरी गंमत म्हणजे आपल्याला कोण बघतंय हे मॉडेलला माहीतच नसतं, ते नुसतं 'मी बदललो' असं ओरडतं आणि ज्यांनी नाव नोंदवलंय ते व्ह्यू स्वतःला परत काढून घेतात. त्यामुळे शेजारी तक्ता आणि आलेख उघडा असेल तर तक्त्यात आकडा बदलला की आलेखही हलणार.

वेब आलं आणि हे ओरडणंच बंद पडलं. 2000 चं स्ट्रट्स, 2004 चं रेल्स ही वेबसाइट बनवायची फ्रेमवर्क, पुण्यात जावाच्या क्लासला आपण शिकलो ते हेच एमव्हीसी. रिक्वेस्ट आली, सर्व्हरवरच्या कंट्रोलरने पकडली, डेटा जेएसपीत (जावातल्या वेबपानाच्या साच्यात) ओतला, पान रवाना, विषय संपला. नंतर डेटाबेसमध्ये काहीही होवो, उघड्या पानाला पत्ताच नाही, रिफ्रेश मारत बसा.

डेस्कटॉपवाल्यांचं मधे एमव्हीपी (कंट्रोलरच्या जागी प्रेझेंटर) झालं, 2005 ला मायक्रोसॉफ्टकडून एमव्हीव्हीएम (मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल) आलं. मग 2010 च्या आसपास बॅकबोन, नॉकआउट, अँग्युलरजेएस ही जावास्क्रिप्टची साधनं आली आणि मॉडेल थेट ब्राउझरमध्येच आलं. टू-वे बाइंडिंग, म्हणजे मॉडेल बदललं की स्क्रीन आणि स्क्रीन बदलली की मॉडेल आपोआप बदलणं, डेमोत एकदम भारी, पण स्क्रीन मोठी झाली की कोणी कोणाला बदललं ते शोधण्यात दिवस जातो.

फेसबुकला हाच त्रास चॅटमध्ये होता, न वाचलेल्या मेसेजचा आकडा दिसायचा, उघडून बघावं तर नवीन काहीच नाही, दुरुस्त केलं तरी परत तेच. 2013 ला त्यांनी रिॲक्ट ही स्क्रीन बनवायची लायब्ररी ओपन सोर्स केली आणि 2014 ला फ्लक्स नावाची मांडणी आणली, डेटा एकाच दिशेने वाहणार. एमव्हीसी मोठ्या ॲपला झेपत नाही असंही सांगून टाकलं. त्यावर जाम भांडणं झाली, आणि मला भांडणाऱ्यांचं पटतं, कारण फेसबुकच्या आकृतीत मॉडेल आणि व्ह्यूमध्ये दोन्हीकडून बाण होते, म्हणजे व्ह्यूही मॉडेलला बदलणार; स्मॉलटॉकवाल्यांच्या मांडणीत मॉडेल बदलणं हे कंट्रोलरचं काम होतं.