निर्णय आधी मेंदू घेतो, मग आपण?
‘तुम्ही ठरवण्याआधीच मेंदूने ठरवलेलं असतं, इच्छास्वातंत्र्य नाही हे विज्ञानाने सिद्ध केलंय,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचं मूळ १९८३ सालच्या एका प्रयोगात आहे. काम एवढंच, की वाटेल तेव्हा मनगट हलवायचं. हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत लहर चढू लागली. इच्छेची जाणीव मात्र हालचालीच्या सुमारे ०.२ सेकंद आधीची, म्हणजे लहरीनंतरची. आकडे खरेच आहेत. पण ही लहर हालचालीपासून मागे मोजत, अनेक वेळांची सरासरी काढून मिळते. लहर चढली आणि हात हललाच नाही, असे क्षण त्यात धरलेलेच नसतात! म्हणून असा दावा वाचताना आधी बघावं, की निर्णय कसला होता आणि न हललेले हात मोजले का. नोकरी सोडावी का, यावर महिनाभर केलेला विचार त्या प्रयोगात कुठेच नव्हता. इच्छास्वातंत्र्याचा मूळ वाद अजून मिटलेला नाही.