पसरवणारा सरफॅक्टंट, जोडणारं सिलेन

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीत कोअर शॉपला, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथे, उभ्या राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. कोअरला मारायचं झिर्कॉन कोटिंग बादलीच्या तळाशी बसू नये म्हणून त्यात घातलेली रसायनं वेगळी, आणि फ्युरान रेझिननं वाळूचा कण घट्ट धरावा म्हणून रेझिनमध्ये घातलेलं सिलेन, म्हणजे सिलिकॉनयुक्त जोडरसायन, वेगळं. दोघांची गल्लत तिथे कुणी करत नाही. पण तोच कण नॅनो होऊन, इपॉक्सी रेझिनला बळकटी द्यायला बीकरमध्ये गेला, की सगळं एका भांड्यात. कण पसरत नाहीत? सरफॅक्टंट घाला. ताकद वाढली नाही? अजून घाला!

सरफॅक्टंट तुम्हाला माहीत आहे, साबणच तो. नेहमीच्या दोन सरफॅक्टंटांपैकी एसडीएस ऋणभारित, सीटॅब धनभारित, बाकी तपशील पाठ्यपुस्तकात बघा. एवढंच ध्यानात ठेवा, की साध्या पाण्यात सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच पदार्थाचा, पृष्ठभागही ऋणभारित असतो. त्यामुळे एसडीएस त्याच्या जवळ फिरकत नाही, सीटॅब चिकटतो. तरीही ‘सिलिका अधिक एसडीएस’ असे प्रोजेक्ट दरवर्षी दिसतातच.

आता खरी अडचण. गुठळी फोडतो तो ध्वनिलहरींचा सॉनिकेटर किंवा रुळांमध्ये रगडणारी थ्री-रोल मिल. सरफॅक्टंट ती फोडत नाही. फुटलेले कण परत एकमेकांना बिलगू नयेत म्हणून मध्ये उभा राहतो. त्याचं डोकं भारामुळे कणाला टेकलेलं असतं आणि शेपटी बाहेर. पण त्या शेपटीत इपॉक्सीशी रासायनिक बंध जुळवेल असं काही नाही. नमुना ओढला की रेझिनवरचा ताण कणापर्यंत पोचायला हवा, आणि वाटेत हा स्निग्ध थर! साबण लावलेल्या हातांनी रस्सीखेच खेळून बघा.

सिलेनला दोन हात असतात. अमिनोसिलेन घ्या. त्याच्या इथॉक्सी टोकाचं पाण्यानं सिलॅनॉल होतं आणि ते सिलिकावरच्या ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांशी सहसंयुज बंध जोडतं. दुसऱ्या टोकाचं अमाइन इपॉक्साइडचं कडं उघडून रेझिनचाच भाग होतं. हे चिकटणं नव्हे, जोडणं.

म्हणूनच ‘अजून घाला’ अंगाशी येतं. २० नॅनोमीटरच्या सिलिका कणांच्या १ ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण १३५ चौरस मीटर भरतो, म्हणजे ऐसपैस फ्लॅटएवढा. तेवढा झाकला गेला की उरलेला सरफॅक्टंट रेझिनमध्ये मोकळा फिरतो, रेझिन मऊ करतो, पृष्ठभागावर येतो, पाणी ओढतो. आणि एसडीएसची क्रिटिकल मायसेल सांद्रता (ज्या सांद्रतेला त्याचे रेणू एकत्र येऊन गोळे करू लागतात ती) ८ मिलिमोलर आहे ती पाण्यात. इपॉक्सीच्या रिपोर्टमध्ये तो आकडा छापणं मला सहनच होत नाही.

ताकद हवी, ओलाव्यात टिकायला हवं, तर मी सिलेनच घेतो. मात्र ज्या पृष्ठभागावर ओएच गट जवळजवळ नाहीत, तिथे सिलेन कशाला धरणार? कार्बन नॅनोट्यूब पाण्यात पसरवून लॅटेक्समध्ये घालायच्या असतील तर मी बिनदिक्कत सरफॅक्टंट वापरतो. आम्लात उकळून ओएच आणता येतात, पण त्यात नळीची भिंत बिघडते आणि वीजवहन घसरतं. चिकणमातीचं प्रकरण मधलं आहे. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीत सोडियमच्या जागी बसलेला चतुर्थक अमोनियम (सीटॅबच्याच जातीचा धनभारित सरफॅक्टंट) नुसत्या पाण्यानं धुऊन निघत नाही, तरी त्याचा बंध सहसंयुज नव्हे, आयनिक.

आपल्या हातात काय आलंय हे बघायचं असेल तर कण पाणी-इथेनॉलनं तीनदा धुवा, दर वेळी सेंट्रिफ्यूज करा, वाळवा आणि मग टीजीए (तापवत नेताना वजन किती घटतं त्याचा आलेख) काढा. शेजारी काहीही न लावलेल्या सिलिकाचा आलेख ठेवा, कारण तिचंही वजन थोडं घटतंच. धुतल्यावर दोघांची घट सारखी आली, तर तुम्ही लावलेलं बेसिनमध्ये गेलं. आणि कृपा करून एफटीआयआरमधलं, म्हणजे अवरक्त वर्णपटातलं, ११०० जवळचं रुंद शिखर दाखवून ‘सिलेन जोडलं’ म्हणू नका. ते सिलिकाचं स्वतःचं आहे, सिलेनची बाटली न उघडताही तिथेच असतं.