घेतलेली निवृत्ती आणि दिलेली निवृत्ती

मुंबई-ठाणे-पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गेल्या तीन-चार दशकांत ज्यांची नोकरी मुदतीआधी संपली, त्यांच्याविषयी बोलताना घरची माणसे दोन वेगवेगळी क्रियापदे वापरतात. ‘ह्यांनी व्हीआरएस घेतली’ असे एका घरात सांगितले जाते, तर शेजारच्या घरात ‘ह्यांना कंपनीने व्हीआरएस दिली’ असे ऐकू येते; आणि दोन्ही घरांतल्या कर्त्या माणसांनी एकाच आठवड्यात, एकाच छापील नमुन्यावर सह्या केलेल्या असतात. कागदोपत्री मात्र दोहोंना ‘स्वेच्छानिवृत्ती’ हा एकच शब्द आहे. निवृत्तीचे वय ५८ असावे की ६०, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून उफाळतो, पण माणसे प्रत्यक्षात कोणत्या वयाला काम सोडतात, हा प्रश्न त्या वादात सहसा येत नाही. त्याची पार्श्वभूमी बरीचशी या एका शब्दात अडकलेली आहे.

ठरावीक वयाला काम थांबवायचे ही कल्पना आपल्याकडे सरकारी नोकरीतून रुजली. १९२२ पासून लागू झालेल्या मूलभूत नियमांत हे वय ५५ होते. केंद्र सरकारने डिसेंबर १९६२ पासून ते ५८ आणि १९९८ मध्ये ६० केले. राज्यांनी आपापली तिजोरी आणि बेरोजगारांची रांग पाहून निर्णय घेतले. आंध्र प्रदेशाने १९८३ मध्ये ५८ चे ५५ केले तेव्हा हजारो कर्मचारी एका फटक्यात घरी गेले, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय वैध ठरवला, आणि तरीही पुढे वय पुन्हा वाढत गेले; आज तेथे ते ६२ आहे. महाराष्ट्रात गट अ, ब आणि क यांच्यासाठी ५८ व गट ड साठी ६० अशी विभागणी टिकून राहिली. त्यामुळे एकाच कार्यालयात साहेब ५८ व्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडतात आणि दाराबाहेरच्या स्टुलावरचा त्यांच्याच वयाचा शिपाई आणखी दोन वर्षे घंटी वाजण्याची वाट पाहतो. सर्वांना ६० करावे अशी अधिकाऱ्यांच्या संघटनेची जुनी मागणी आहे, त्यासाठी निवृत्त सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली, आणि दर वेळी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांचा विरोध आड येतो. हा विरोध समजण्यासारखा आहे, मात्र रिक्त पदे वर्षानुवर्षे न भरणाऱ्या व्यवस्थेत ज्येष्ठांच्या दोन वर्षांवर सगळा रोष का निघावा, हे कोडे आहे.

‘नियत वयोमान’ हा शब्दही दिसतो तितका नियत नसतो. कर्मचारी ज्या महिन्यात ते वय पूर्ण करतो त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, आणि ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा आहे तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहिलेली एक संपूर्ण पिढी महाराष्ट्रात नोकरीला लागली, म्हणून ३१ मे रोजी सरकारी कार्यालयांत निरोपसमारंभांची रांग लागते आणि हारवाल्याला आधी सांगून ठेवावे लागते. खरे वय एखादे वर्ष इकडे-तिकडे असू शकते, पण सेवापुस्तकातली तारीखच शेवटी माणसाला घरी पाठवते.

सरकारी नियमावलीत निवृत्तीचे तीन मुख्य प्रकार शेजारी शेजारी आहेत: नियत वयोमानानुसार, स्वेच्छेने आणि सक्तीने. राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत वीस वर्षे अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा झालेला कर्मचारी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने जाऊ शकतो. येथे नोटीस देणारा कर्मचारी असतो, जाण्याचे कारण त्याचे स्वतःचे असते आणि पुढच्या महिन्यापासून निवृत्तिवेतन सुरू होण्याची त्याला खात्री असते. कारखान्यातली स्वेच्छानिवृत्ती याच नावाने ओळखली जाते, पण तिचा उगम वेगळा आहे. तेथे नोटीस सूचनाफलकावर लागते, ती व्यवस्थापनाची असते, आणि तिच्यावर शेवटची तारीख छापलेली असते.

त्यामागे कामगार कायद्यातील एक तरतूद होती. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ मध्ये नवे प्रकरण घालून ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कामगारकपात करण्यासाठी अथवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी बंधनकारक करण्यात आली, आणि १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली गेली. परवानगी सहसा मिळत नसे. मात्र कामगारकपातीच्या व्याख्येतून ज्या गोष्टी स्पष्टपणे वगळलेल्या होत्या, त्यांत या दोन होत्या: नियत वयोमानानुसार निवृत्ती आणि कामगाराने स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती. कामगाराने स्वतःहून अर्ज केला, तर कपात झालीच नाही असे कायदा मानणार होता. वाट सापडली ती येथे. सार्वजनिक उपक्रमांसाठी १९८८ मध्ये अशी योजना आली, १९९२ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीचा उद्देश कामगारांना नवे कौशल्य शिकवण्याचा असूनही त्यातला बहुतांश पैसा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम चुकवण्यात गेला, आणि खासगी कारखान्यांनी तर दर दोन वर्षांनी थोडी वाढीव रक्कम लावून नव्या योजना काढल्या. अर्जावर ‘मी हा अर्ज कोणत्याही दबावाविना करीत आहे’ अशा अर्थाचे एक वाक्य छापलेले असे. ज्याला खरोखरच जायचे आहे त्याच्याकडून असे लिहून घेण्याची गरज कोणाला भासली नसती.

या योजना ज्या कामगारांपुढे आल्या, त्यांची निवृत्तीविषयीची अपेक्षा कशी घडली होती, हे मुंबईच्या कापड गिरण्यांकडे पाहिले की कळते. गिरण्यांच्या स्थायी आदेशांनुसार, म्हणजे सेवाशर्तींच्या लेखी नियमांनुसार, निवृत्तीचे वय ६० होते आणि कामगार कार्यक्षम असल्यास तो ६३ पर्यंत कामावर राहू शकत होता. कितीतरी जण आधी वर्षानुवर्षे बदली कामगार म्हणून पाळीच्या वेळी गेटवर उभे राहत, कोणी गैरहजर राहिला तर आत जात, आणि कायम होईपर्यंत तिशी उलटत असे. त्यामुळे साठीपर्यंत साचा चालवायचा, जमल्यास जाताना मुलाला खात्यात चिकटवून जायचे आणि मग कोकणात किंवा घाटावर गावी जायचे, असा आयुष्याचा हिशेब बसलेला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि चाळिशी-पंचेचाळिशीतील माणसे साठीला जायचे त्या गावी वीस वर्षे आधीच पोहोचली. त्यांच्या बाबतीत ‘निवृत्ती’ हा शब्द कोणी वापरला नाही. पुढे उरलेल्या गिरण्यांत स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, तेव्हा संपाची आठवण ताजी असल्याने हातात येईल ते घ्यावे, असा विचार करणाऱ्यांची संख्या मोठी होती. अपेक्षा कशा बदलतात, हे तेथे दिसते: शेजारची गिरणी बंद पडल्यावर आपल्या गिरणीतील ६३ व्या वर्षावर कोणाचाही विश्वास उरत नाही.

‘स्वेच्छा’ या शब्दाची खरी कसोटी मात्र लागली ती बँकांत, जेथे युनियन बळकट होती, पगार चांगले होते आणि अर्ज करणारे लोक कायद्याची भाषा वाचू शकत होते. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी १५ वर्षे सेवा किंवा ४० वर्षे वय पूर्ण झालेल्यांसाठी योजना काढली. प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचा पगार अथवा उरलेल्या सेवेचा पगार, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळणार होती. सुमारे १ लाख कर्मचारी व अधिकारी त्यातून बाहेर पडले. काहींनी अर्ज दिल्यानंतर घरी हिशेब मांडला, मन बदलले आणि अर्ज परत मागितला. बँकांनी योजनेतल्या कलमावर बोट ठेवून सांगितले की एकदा केलेला अर्ज मागे घेता येत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००२ च्या अखेरीस आलेल्या निकालात, सर्वसाधारणपणे, बँकेची योजना हे केवळ आमंत्रण असून कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव आहे, आणि तो स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो, असे ठरले. ज्यांनी योजनेतील रक्कम उचलून वापरली होती, त्यांना मात्र हा मार्ग उरला नाही. निकालाचा आधार कराराचा कायदा होता आणि त्यात चूक काढता येत नाही. तरीही त्यामुळे एक विचित्र गोष्ट कायम झाली: योजना आखणारी, पात्रता ठरवणारी, तारीख लावणारी आणि कोणाचा अर्ज नाकारायचा हे ठरवणारी बँक, पण कायद्याच्या दृष्टीने ‘प्रस्ताव’ मांडणारा कर्मचारी. घरच्या बोलण्यातले ‘दिली’ आणि ‘घेतली’ येथे कायमचे ‘घेतली’ झाले.

बाहेर पडलेल्यांची दुसरी लढाई निवृत्तिवेतनाची होती. बँकांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन नियमांत स्वेच्छेने जाणाऱ्याच्या सेवेत जास्तीत जास्त पाच वर्षांची काल्पनिक भर घालण्याची तरतूद होती. बँकांचे म्हणणे असे की ती नियमावलीतल्या स्वेच्छानिवृत्तीसाठी आहे, योजनेतल्या स्वेच्छानिवृत्तीसाठी नाही. म्हणजे अर्ज मागे घेऊ न देताना जी स्वेच्छा पूर्ण आणि पक्की होती, ती पैसे द्यायच्या वेळी निराळी ठरत होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीस वर्षे सेवा झालेल्या अर्जदारांच्या बाजूने निकाल दिला. तोपर्यंत त्यांपैकी अनेकांचे नियत वयोमानही उलटून गेले होते.

हिशेब कोलमडण्याचे कारण व्याजदर होते. नव्वदीच्या मध्यास बँकेतील मुदतठेवीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. पाच लाख रुपये हातात आलेल्या माणसाने कागदावर महिना पाच हजार लिहिले, त्यात गावचा तांदूळ आणि बायकोची शिवणकामाची मिळकत धरली आणि मुलीच्या लग्नापर्यंतचा प्रश्न सोडवला. २००३ च्या सुमारास व्याज ६ टक्क्यांच्याही खाली आले आणि तेच पाच हजार अडीच हजारांच्याही खाली आले. मधल्या काळात लग्नासाठी मुद्दलाला हात लागलेला असेल तर त्याहूनही कमी. कारखान्यातील कामगाराला आधार होता तो नोव्हेंबर १९९५ पासूनच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा, पण ते निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी मिळते, पन्नाशीनंतर आधी मागितल्यास कापून मिळते, आणि २०१४ मध्ये ठरलेली त्याची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलेल्याला मधली अकरा वर्षे काढायची होती. म्हणून बहुतेकांच्या बाबतीत नोकरी संपली ती काम संपण्यासाठी नव्हे: कोणी रिक्षाचा परवाना काढला, कोणी नातेवाइकाच्या वर्कशॉपात लेथवर उभा राहिला, आणि बरेच जण सुरक्षारक्षक झाले.

अलीकडचे मोठे प्रकरण दूरसंचार क्षेत्रातले. २०१९ च्या अखेरीस सरकारी दूरसंचार कंपन्यांत ५० वर्षांवरील कर्मचाऱ्यांसाठी योजना जाहीर झाली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी देशभर पसरलेल्या बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार, तर मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलमधून सुमारे १४ हजार कर्मचारी एकाच दिवशी निवृत्त झाले. त्याआधी काही महिने पगार वेळेवर होत नव्हते आणि निवृत्तीचे वय ६० वरून ५८ वर येणार अशी चर्चा कार्यालयांत पसरलेली होती. असे दोन वारे वाहत असताना भरलेल्या अर्जातील स्वेच्छा मोजायची कशी, हे कोणत्याही नमुन्यात लिहिलेले नाही.

राज्य कर्मचाऱ्यांच्या अपेक्षांवर वेगळ्याच तारखेची छाया आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत आलेल्यांना सर्वसाधारणपणे जुने निवृत्तिवेतन नाही, आणि मार्च २०२३ चा आठवडाभराचा संप त्याच मागणीसाठी झाला. जुन्या पिढीला ५८ व्या वर्षी जाणे परवडत होते, कारण शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम ठरलेली होती; नव्या पिढीतल्या ज्यांची जमा रक्कमच निवृत्तिवेतन ठरवणार, त्यांच्यासाठी प्रत्येक जादा वर्षाला किंमत आहे. ५८ की ६० हा वाद पुढे कोणत्या दिशेने जाईल, हे या पिढीच्या हिशेबावर अवलंबून राहील. दरम्यान नव्या औद्योगिक संबंध संहितेत पूर्वपरवानगीची मर्यादा पुन्हा ३०० कामगारांवर नेण्यात आली आहे, म्हणजे लहान कारखान्यांना कामगाराच्या स्वेच्छेची पूर्वीइतकी गरज भासणार नाही.

ज्यांच्या कामाला वयाची अटच नव्हती, त्या असंघटित कामगारांच्या बाजूला नोकरी संपलेले हे लोक येऊन मिळतात. तेथेही एक अट आहे: खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या कायद्यानुसार ६५ वर्षे पूर्ण झालेल्याला रक्षक म्हणून नेमता येत नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ ठाण्यातील एका कारखान्यातून २००१ मध्ये, फिटर असताना, ४७ व्या वर्षी बाहेर पडले आणि पुढे एका सोसायटीच्या गेटवर गणवेशात बसू लागले. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९५४ आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे जन्म भाताच्या कापणीतला, त्याच्या पुढच्या वर्षीचा. २०१९ च्या मे अखेरीस एजन्सीने त्यांचा गणवेश परत घेतला. जूनपासून ते त्याच गेटवर साध्या शर्टात बसतात, पाण्याचा पंप लावतात, पार्सले उतरवून घेतात, आणि महिन्याच्या सात तारखेला सोसायटीचा खजिनदार त्यांच्या हातात पाकीट ठेवतो.